अपडेटनंतर आवाज कमी झाला; बिघाड प्लेअरमध्ये की कानात?

‘काल रात्री अपडेट टाकलं, सकाळपासून डाव्या बाजूला आवाजच नाही.’ ‘आधी दहावर ऐकू यायचं, आता वीसवर नेलं तरी बारीकच.’ ‘गाणी तीच आहेत, पण गायकाचे शब्द कळत नाहीत.’ अशा तक्रारी खरं तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ऐकू यायला हव्यात. पण गेल्या काही वर्षांत त्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतही ऐकू येऊ लागल्या आहेत. त्यातली बरीच माणसं आधी दुकानात जाऊन आलेली असतात. कुणी प्लेअर दोनदा रिसेट केलेला असतो, कुणी नवे इअरफोन घेतलेले असतात, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘एकदा कान दाखवून या.’

बहुतेक वेळा दोष यंत्रातच निघतो, हे आधीच सांगून टाकतो. पण थोड्या लोकांच्या बाबतीत तो कानात असतो, आणि त्यातल्याही काहींच्या बाबतीत एक-एक दिवस मोलाचा असतो. प्लेअर आठवडाभर कपाटात पडला तर काही बिघडत नाही. आतला कान अचानक बंद पडला असेल तर मात्र आठवडा फार मोठा आहे. म्हणून यंत्र आणि कान यांतला फरक घरच्या घरी, पाच मिनिटांत कसा ओळखायचा, ते प्रत्येकाला माहीत असायला हवं.

अपडेट नेमकं काय बदलतं?

प्लेअर असो, फोन असो की बिनतारी इअरफोन, त्याच्या आत कायमस्वरूपी बसवलेली एक आज्ञावली असते. बटण दाबल्यावर काय करायचं, आवाज किती पायऱ्यांनी वाढवायचा, बॅटरी किती उरली हे कसं दाखवायचं, हे सगळं ती ठरवते. तिला फर्मवेअर म्हणतात. कंपनी तिच्यातल्या चुका सुधारते किंवा नवी सोय घालते, तेव्हा अपडेट येतं.

अपडेट झालं की काही सेटिंग पुन्हा मूळ जागी जाऊ शकतात. तुम्ही इक्वलायझरमध्ये वाढवलेला खर्ज नाहीसा होतो. आवाजाची कमाल मर्यादा नव्याने लागू होते. डाव्या-उजव्या बाजूचा समतोल बदलतो. प्लेअर मेमरी कार्डावरची सगळी गाणी नव्याने मोजायला घेतो, आणि तोवर तो अडखळत चालतो. बिनतारी इअरफोनमध्ये तर डाव्या आणि उजव्या तुकड्याचं फर्मवेअर वेगवेगळं असतं. एकाचं अपडेट पूर्ण झालं आणि दुसऱ्याचं अर्धवट राहिलं, तर एकच बाजू वाजते. हे सगळं त्रासदायक आहे, पण दुरुस्त होणारं आहे.

पाच मिनिटांची परीक्षा

सेटिंगला हात लावण्याआधी ही परीक्षा करा. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी, बाजू बदला. डोक्यावरून घालायचा हेडफोन असेल तर तो उलटा घाला, म्हणजे डाव्या कानाची वाटी उजव्या कानावर येईल. तारेचे इअरफोन असतील तर डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात धरा. आता बारीक आवाज कोणत्या बाजूला येतो ते पाहा. आधी डावीकडे कमी होता आणि आता उजवीकडे कमी झाला, म्हणजे दोष वाटीबरोबर सरकला; तो यंत्रात आहे. पण बाजू बदलूनही डाव्याच कानाला कमी ऐकू येत असेल, तर दोष तुमच्या डाव्या कानात आहे. मग पुढे प्लेअरची दुरुस्ती करण्यात वेळ घालवू नका.

दुसरी पायरी, यंत्राशिवाय ऐका. बिनतारी इअरफोनचे आकार कानानुसार घडवलेले असतात, ते उलट्या कानात नीट बसत नाहीत. तेव्हा इअरफोन बाजूला ठेवा. कुणाला तरी साधा फोन लावा आणि तो आधी एका, मग दुसऱ्या कानाला धरून पाहा. दोन बोटं कानाजवळ नेऊन एकमेकांवर घासा. ती खसखस दोन्ही कानांना सारखी ऐकू यायला हवी.

तिसरी पायरी, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तेच गाणं, तोच इअरफोन, तेवढाच आवाज ठेवून ऐकवा. त्यांनाही तसंच ऐकू आलं तर यंत्र तपासा. त्यांना दोन्हीकडे छान ऐकू आलं तर कान तपासा.

चौथी पायरी फक्त कानात दोष वाटला तरच करायची. तोंड मिटून ‘म्…’ असा हुंकार द्या आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते पाहा. ही गंमत आधी चांगल्या कानांवर करून बघा: एक कान बोटाने बंद करून हुंकार दिला की आवाज बंद केलेल्याच कानात घुमतो. कानात मळ अडकला किंवा सर्दीने पडद्यामागे पाणी साठलं तरी असंच होतं, म्हणजे हुंकार बिघडलेल्या कानात मोठा येतो. याउलट आतला कान किंवा त्याची नस दुखावली असेल, तर हुंकार चांगल्या कानाकडे जातो. डॉक्टर नादकाटा कपाळावर टेकवून करतात त्या वेबर चाचणीचं तत्त्व हेच आहे. हुंकाराची परीक्षा डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण घाई किती करायची ते ती सांगते.

दोष यंत्रात निघाला तर

आधी प्लेअर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. अडकला असेल तर बऱ्याच प्लेअरमध्ये बंद-चालूचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. मग सेटिंगमध्ये चार गोष्टी बघा: आवाजाची मर्यादा, डाव्या-उजव्याचा समतोल, मोनो आणि इक्वलायझर. समतोलाची पट्टी मधोमध हवी. अपडेटनंतर एकाच बाजूने आवाज येण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

बिनतारी इअरफोन असतील तर जोडणी पुसून टाका, दोन्ही तुकडे डबीत ठेवून पूर्ण चार्ज करा आणि नव्याने जोडा. दोन्ही तुकड्यांचं अपडेट पूर्ण व्हायला वेळ द्या. गाणी दिसत नसतील तर प्लेअरची यादी नव्याने बनू द्या. कार्डावर हजारो गाणी असतील तर त्याला बराच वेळ लागतो. कार्ड फॉरमॅट करायची किंवा प्लेअर मूळ स्थितीत न्यायची वेळ आलीच, तर त्याआधी गाणी संगणकावर उतरवून घ्या. हा उपाय सगळ्यात शेवटचा.

इअरफोनची जाळी उजेडात धरून पाहा. तिच्यावर पिवळट तपकिरी थर असेल तर तो तुमच्याच कानातला मळ आहे, आणि अपडेटचा त्याच्याशी काही संबंध नाही. सुक्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून तो झाडा. सुई टोचू नका, पाणी लावू नका.

पुढच्या वेळी अपडेट करताना बॅटरी निदान अर्धी भरलेली असू द्या, फाइल फक्त कंपनीकडूनच घ्या आणि मध्येच यंत्र बंद करू नका. अर्धवट अपडेटमुळे प्लेअर अजिबात सुरू न होण्याची वेळ येऊ शकते.

कमी झालेला आवाज कदाचित मुद्दाम केलेला असेल

काही वेळा अपडेटनंतर आवाज कमी होतो तो बिघाड नसतो, तुमच्या कानांसाठी केलेली तजवीज असते. मार्च २००६ मध्ये ॲपलने आयपॉड नॅनो आणि पाचव्या पिढीच्या आयपॉडसाठी एक अपडेट दिलं. त्यात आवाजाची कमाल पातळी ठरवता येत होती, आणि मुलांनी ती बदलू नये म्हणून आईवडिलांना सांकेतिक क्रमांकही लावता येत होता. युरोपात २०१३ पासून नव्या प्लेअरना सुमारे ८५ डेसिबलला थांबावं लागतं. त्यापुढे जायचं तर ऐकणाऱ्याला सूचना वाचून होकार द्यावा लागतो, आणि २० तास ऐकून झालं की सूचना पुन्हा येते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून २०१९ मध्ये अशा उपकरणांसाठी मानक जाहीर केलं. आज अनेक फोन तुम्ही आठवड्यात किती मोठ्याने किती वेळ ऐकलं याची नोंद ठेवतात आणि मर्यादा ओलांडली की सूचना देतात. काही तर आवाज आपणहून खाली आणतात.

या मर्यादेमागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. प्रौढ माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही त्या मानकातली सीमा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. यापुढे आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मी करावी लागते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास, ९५ ला सव्वा तास. बरेच फोन आणि प्लेअर पूर्ण आवाजावर १०० डेसिबलच्या आसपास पोचतात. १०१ डेसिबलला आठवड्याचा सगळा वाटा सुमारे १९ मिनिटांत संपतो, म्हणजे चार-पाच गाण्यांत. दिवसाचा नव्हे, आठवड्याचा.

शंखासारख्या आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. पक्ष्यांमध्ये त्या मेल्यावर नव्या येतात, माणसात येत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर ओळखतात आणि मोठ्या आवाजाने आधी त्याच मरतात. मोठ्या आवाजाने ऐकू येणं कमी झालं की सुरुवातीला दोन दिवसांत भरून आल्यासारखं वाटतं. पण तसं पुन्हा पुन्हा झालं की नुकसान कायमचं होतं.

म्हणून अपडेटनंतर मर्यादा आली असेल तर ती काढून टाकण्याचे उपाय शोधू नका. महिनाभर त्या आवाजात ऐका, सवय होते. लोकलमध्ये किंवा एसटीत ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा लागत असेल, तर कानात घट्ट बसणारे किंवा बाहेरचा गोंगाट कमी करणारे इअरफोन वापरा. मग गाणं कमी आवाजातही ऐकू येतं. मात्र रस्ता किंवा रूळ ओलांडताना ते कानातून काढलेच पाहिजेत.

दोष कानात निघाला तर

सगळ्यात साधं कारण म्हणजे मळ. कानातून मळ आपोआप बाहेर सरकत असतो. रोज तासन्‌तास इअरफोन खुपसला की तो आत ढकलला जातो. अंघोळीचं पाणी गेलं की फुगतो आणि एकाएकी कानाला दडा बसतो. हुंकार त्याच कानात घुमतो. यावर मळ मऊ करणारे थेंब आणि डॉक्टरांकडून सफाई, एवढं पुरतं. कानकोरणं, हेअरपिन, गाडीची किल्ली, काडीला गुंडाळलेला कापूस यांपैकी काहीही कानात घालू नका. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही. त्यांच्या कानातली छोटी जखम हाडापर्यंत चिघळू शकते. गरम तेल ओतण्याची सवयही सोडायला हवी. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात जातं.

दुसरं कारण सर्दी. नाक आणि कान यांना जोडणारी नळी सुजते, पडद्यामागे पाणी साठतं, कान जड होतो. हेही बहुधा सर्दीबरोबर ओसरतं. दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही किंवा कान दुखू-वाहू लागला, तर दाखवा.

तिसरं कारण घाईचं आहे. काही तासांत, फार तर तीन दिवसांत, एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी होतं. अनेकांना ते सकाळी उठल्यावर लक्षात येतं. कान भरल्यासारखा वाटतो, आत शिट्टी किंवा गुणगुण सुरू होते, काहींना गरगरतं. दुखत नाही, म्हणून माणूस गांभीर्याने घेत नाही. याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. आणि यात फसगत होण्याची जागा ही, की माणसाला ते प्रथम फोनवर किंवा गाणी ऐकताना जाणवतं. आदल्या रात्रीच अपडेट झालेलं असेल, तर सगळा संशय यंत्रावर जातो.

आमच्याकडे आलेल्या एका चाळिशीतल्या रिक्षाचालकाचं असंच झालं होतं. रात्री प्लेअर अपडेट करून झोपले, सकाळी उजवी बाजू बंद. त्यांनी तीन दिवस प्लेअरमागे घालवले, मग नवे इअरफोन आणले. त्यातही उजवीकडे आवाज येईना, तेव्हा केसपेपर काढला. कान आतून स्वच्छ, पडदा उत्तम. कपाळावर टेकवलेल्या नादकाट्याचा आवाज त्यांना डावीकडे ऐकू येत होता. त्याच दिवशी श्रवणतपासणी होऊन उपचार सुरू झाले. त्यांचं ऐकू येणं बरंचसं परत आलं, पूर्ण नाही. पाचव्या दिवशी का होईना ते आले, हे त्यांचं नशीब. महिन्याने आले असते तर देण्यासारखं आमच्या हातात फारसं काही नसतं.

यावर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, किंवा पडद्यातून मधल्या कानात इंजेक्शन देतात. औषध जितकं लवकर तितका फायदा. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं पाहिजे. काही जणांचं ऐकू येणं आपोआपही सुधारतं, पण कुणाचं सुधारेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवून औषध द्यावं लागतं, म्हणून ते दुकानातून स्वतः आणून घेऊ नये. पुढे कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करायला सांगतात. अशी गाठ क्वचितच निघते, पण पाहून घ्यावं लागतं.

ऐकू येणं कमी होण्याबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर हा प्रश्न कानापुरता नाही. तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा १०८ला फोन करा आणि तडक रुग्णालयात जा.

हळूहळू कमी होणारं ऐकू येणं

चौथा प्रकार घाईचा नाही, पण सगळ्यात जास्त आढळतो. पन्नाशीनंतर, किंवा वर्षानुवर्षं यंत्रांच्या खडखडाटात, ढोल-ताशात, डीजेसमोर काम केलेल्यांचे दोन्ही कान सारखेच मंदावतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. स, श, फ, थ, ख ही व्यंजनं उंच स्वराची आणि नाजूक आवाजाची. तीच आधी हरवतात. ‘साठ’ सांगितलं तर ‘आठ’ ऐकू येतं. मग ‘हल्ली गायक स्पष्ट गात नाहीत’ किंवा ‘अपडेटने आवाजाचा दर्जा बिघडवला’ असं वाटू लागतं. घरातले टीव्हीच्या आवाजावरून कुरकुरत असतील, गर्दीत समोरच्याचं बोलणं कळत नसेल, तर श्रवणतपासणी करून घ्या. ती दुखत नाही, थोड्या वेळात होते, आणि सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात तिची सोय असते. आपल्या जवळ ती कुठे होते, हे जिल्हा रुग्णालयात विचारल्यास कळेल.

इथे फर्मवेअरची एक चांगली बाजूही सांगायला हवी. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका आज्ञावलीला प्रथमच मान्यता दिली, जी ॲपलच्या एअरपॉड्स प्रो या इअरफोनना प्रौढांसाठी श्रवणयंत्रासारखं काम करायला लावते. ती सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहे. एकाच कानाचा किंवा अचानक आलेला दोष असेल, तर तिच्यावर विसंबून राहू नये. आधी डॉक्टरांनी कान पाहिला पाहिजे.

तेव्हा अपडेटनंतर आवाज बदलला तर आधी हेडफोन उलटा घाला. दोष वाटीबरोबर सरकला तर सेटिंग उघडा, सवडीने दुरुस्त करा. दोष त्याच कानाला चिकटून राहिला आणि हुंकार त्या कानात घुमला, तर एक-दोन दिवसांत कान दाखवून मळ किंवा सर्दीवर उपचार घ्या. आणि हुंकार चांगल्या कानाकडे गेला, किंवा नक्की कुठे गेला ते कळलंच नाही, तर प्लेअर घरी ठेवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. आज रविवार असेल तर सोमवारी सकाळी ओपीडी उघडण्याआधी रांगेत उभे राहा.